आमचे सक्रिय आजोबा

गेल्या आठवड्यात आमच्या आजोबांना 'सर्वाधिक सक्रिय ज्येष्ठ नागरिक' हा सरकारी पुरस्कार मिळाला. एक चषक, एक प्रशस्तिपत्र आणि झाकण न लागणारी पाण्याची बाटली. आजोबांना जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं.

असं काही घडलेलं नाही. कार्यालयाने आम्हाला स्पष्ट कळवलं आहे की असा समारंभ झालाच नाही, आणि झाला असल्यास त्यात आमचं कुटुंब नव्हतं. आम्ही कायदा पाळणारी माणसं आहोत. लिफ्टमध्ये 'फक्त चार व्यक्ती' लिहिलेलं असेल, तर पाचवी व्यक्ती कितीही बारीक असली तरी आम्ही तिला जिन्याने पाठवतो. (ती पाचवी व्यक्ती नेहमी मीच असतो, पण तो वेगळा विषय आहे.) तेव्हा समारंभ झाला नाही, हीच आमचीही अधिकृत भूमिका. चषक टीव्हीशेजारी ठेवलाय, पण तो आम्हाला दिसत नाही. आई रोज त्याच्यावरची धूळ पुसते, तीही न बघता.

आता जे झालंच नाही ते कसं झालं, ते सांगतो.

सुरुवात विजेच्या मीटरपासून झाली. मीटर आजोबांच्या नावावर होता. ते गेल्यावर आईने बाबांना सांगितलं, "अहो, ते मीटरचं तेवढं नाव बदलून घ्या." बाबा म्हणाले, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. फक्त भांडण न होता. बाल्कनीतला गळका नळ 'बघू' आहे. माझं लग्न 'बघू' आहे. दर महिन्याला आजोबांच्या नावाने बिल यायचं, आणि बाबा चष्मा लावून ते वाचायचे. आकडा नाही, वरचं नाव. मग घडी घालून दाराजवळच्या खिळ्याला टोचायचे. "अजून किती दिवस त्यांच्या नावाने बिलं यायची?" असं आईने एकदा विचारलं, तर म्हणाले, "त्यांच्या नावाने कमी येतं." बाबा आयुष्यभर विज्ञान शिकवून निवृत्त झालेत. तरी कोणी वाद घातला नाही.

मग वीज कार्यालयाचा मेसेज आला. मयत व्यक्तींच्या नावावरचे मीटर महिनाअखेरीस बंद करण्यात येतील. थोडक्यात, घरात उजेड राहील किंवा आजोबा, दोन्ही नाही.

काम माझ्याकडे आलं. मी घरून काम करतो. याचा आमच्या घरात घेतला जाणारा अर्थ असा, की मी घरी असतो आणि काम करत नाही.

निघताना जिन्यात सर्वज्ञ काका भेटले. हे आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. ते कुठल्या तरी कार्यालयातून निवृत्त झालेत. कुठल्या, ते कोणालाच ठाऊक नाही, पण जगातलं प्रत्येक कार्यालय आतून कसं चालतं हे त्यांना ठाऊक आहे.

"मीटर ना? चुटकीसरशी होतं. दाखला घे, हसतमुखाने जा आणि 'साहेब' म्हण."

"खिडकीवर बाई असल्या तर?"

"तर मग हसू नको."

सरकारी कामाबद्दल मला आजवर मिळालेला हा एकमेव उपयोगी सल्ला. तोही मी पाळला नाही.

पण त्याआधी आजोबांच्या नंबरबद्दल सांगायला हवं. नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

आजोबांनी उतारवयात मोबाइल घेतला आणि त्या नंबरच्या प्रेमात पडले. दुकानात काउंटरवरच्या मुलीने "नंबर?" विचारलं, की आपल्यासारखी माणसं वैतागतात. आजोबांना तो मान वाटायचा. आयुष्यभर त्यांना कोणी "काय पाहिजे?" यापलीकडे काही विचारलं नव्हतं. आता किराणावाला, औषधवाला, चपलांच्या दुकानातला, सिनेमाच्या खिडकीवरचा, सगळे त्यांच्याशी ओळख वाढवू बघत होते. आजोबा ताठ उभे राहायचे, अर्धा नंबर सांगायचे, मग एकदा खोकायचे आणि उरलेला अर्धा सांगायचे. पुढे शिष्टाचार म्हणून समोरच्या मुलीलाही विचारायचे, "आणि तुमचा?" एका दुकानातून त्यावरून आईला बोलावणं आलं होतं. आजोबांना शेवटपर्यंत कळलं नाही की यात काय चुकलं. "तिने विचारला, मी सांगितला. मी विचारला तर ती सांगत नाही. हा कुठला व्यवहार?"

आज वाटतं, या संपूर्ण प्रकरणात नेमका प्रश्न विचारणारे ते एकटेच होते.

त्या सगळ्या दुकानांचे पॉइंट एकाच कंपनीकडे जमा व्हायचे. त्यामुळे आम्हीही सगळे आजोबांचाच नंबर द्यायचो. आई, ताई, मी, बाबा. नंबर आम्हाला आजोबांकडूनच पाठ झाला होता, आणि पाठांतर जसंच्या तसं उतरतं. अर्धा नंबर, खोकला, उरलेला अर्धा. खोकल्याशिवाय पुढचे आकडे आठवायचेच नाहीत. ताई गाते. तिचा गळा अगदी साफ आहे, पण काउंटरवर उभी राहिली की तीही खोकायची. आजोबा गेल्यावरही हे चालूच राहिलं. कोणी ठरवलं नव्हतं. पॉइंट वाया जाऊ नयेत, एवढंच आम्ही एकमेकांना सांगायचो. ते पॉइंट आजवर कोणी वापरले नाहीत, हेही खरं.

तर मी खिडकीपाशी पोहोचलो. खिडकीत बाई होत्या. मी हसलो.

"बोला," बाई म्हणाल्या, माझ्या हसण्याकडे दुर्लक्ष करत.

"मीटरचं नाव बदलायचंय. आजोबांच्या नावावरून बाबांच्या नावावर."

"आजोबा कुठायत?"

"वारले."

बाईंनी ग्राहक क्रमांक टाकला, पडद्याकडे पाहिलं, चष्मा वर केला, परत पाहिलं.

"नाही हो."

"काय नाही?"

"वारले नाहीत. गुरुवारी पळायचे बूट घेतलेत त्यांनी."

मी दाखला पुढे सरकवला. म्हटलं, "हा तुमचाच मृत्यूचा दाखला आहे."

"आमचा नाही. तो समोरच्या इमारतीतला. त्यांचं आमचं बोलणं नाही." बाईंनी दाखला दोन बोटांनी परत सरकवला. "आणि तो दाखला फुकट मिळतो. हे इथलं आम्ही विकत घेतो."

"काय विकत घेता?"

"माहिती. ती पॉइंटवाली कंपनी आहे ना, तिच्याकडून. कोण काय घेतं, कुठे जातं, किती चालतं. पूर्वी घरोघर माणसं पाठवायला लागायची. लोक त्यांच्यासमोर वाट्टेल ते सांगायचे. आता कंपनीकडून घाऊक घेतो. सरकारला माहिती देताना माणूस खोटं बोलतो हो. दुकानात पॉइंट मिळत असताना कोण खोटं बोलतं?"

"पण आमची माहिती तुम्हाला विकायला आम्ही त्यांना सांगितलं नव्हतं."

"तुम्हाला कशाला विचारतील? तुम्ही गिऱ्हाईक आहात का? गिऱ्हाईक आम्ही आहोत."

यावर मला पुढे बरंच काही सुचलं, पण ते सगळं घरी परतल्यावर. त्या वेळी मी फक्त म्हणालो, "अहो, मी त्यांचा सख्खा नातू. मी सांगतोय ना! माझी माहिती बघा पाहिजे तर."

बाईंनी माझं नाव टाकलं. वाट पाहिली. परत टाकलं. मग पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी सहानुभूती दिसली.

"तुमचं काहीच नाही इथे."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही काही घेत नाही. कुठे जात नाही. काही करत नाही."

"मी तुमच्यासमोर उभा आहे."

"मला दिसताय हो. सिस्टीमला दिसत नाही."

माझ्यामागे रांग होती. "काही करत नाही" हे रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं. हेच वाक्य मी लहानपणापासून घरी ऐकत आलोय, पण घरच्यांकडे पुरावा नव्हता. आता सरकारने तो पैसे मोजून मिळवला होता.

"मग मी काय करू?"

"आजोबांना घेऊन या," बाई म्हणाल्या. "आणि चालायला त्रास होत असेल तर राहू दे, फोनवर सांगितलं तरी चालेल."

"काय सांगितलं तर?"

"की ते वारलेत म्हणून. पुढचे या!"

संध्याकाळी घरात बैठक बसली. ताई दोन गल्ल्या पलीकडे राहते, तिलाही बोलावलं. सर्वज्ञ काकांना बोलावलं नव्हतं, पण ते होते.

"पळायचे बूट कोणी घेतले?"

ताईने पाय खुर्चीखाली घेतले.

मग एकेक बाहेर येऊ लागलं. सिनेमाची तिकिटं माझी होती. भुताचा सिनेमा, तोही दोनदा. म्हणजे कागदोपत्री आजोबा मेल्यानंतर भुताचे सिनेमे बघायला जात होते आणि आवडला म्हणून परत जात होते. केसांचा काळा रंग आईचा होता. हे ऐकून बाबा चकित झाले. त्यावरून आई चिडली, आणि बैठक बराच वेळ मीटर सोडून भलतीकडेच गेली. प्रोटीनचा डबा माझा होता. तो मी उघडलेला नाही, पण सरकारच्या मते आजोबा दंड कमावत होते. रोज सकाळचं फिरणं बाबांचं निघालं. बाबा फिरायला जाताना आजोबांचा जुना फोन खिशात ठेवतात.

"त्यात रेडिओ चांगला लागतो," बाबा म्हणाले.

"आणि पोहायची चड्डी?" मी विचारलं. खिडकीतल्या बाईंनी ती मागून ओरडून सांगितली होती.

 मग सर्वज्ञ काका खाकरले. "पॉइंट वाया जातात म्हणून मीही हाच नंबर देतो. आपले इतक्या वर्षांचे संबंध."

"अहो काका, तुम्हाला पोहता कुठे येतं?"

"चड्डी आधी घ्यावी लागते," काका म्हणाले.

उपायही काकांनीच काढला. तो ऐकताना मला फार हुशार वाटला. इथेच मी सावध व्हायला हवं होतं. "हे बघा, धडधाकट माणूस एकदम मेला तर सिस्टीमला पटणार नाही. ओघाने घ्या. आधी त्यांना आजारी पाडा. त्याच नंबरवर काठी घ्या, शेकायची पिशवी घ्या, मलम घ्या. मग खरेदी हळूहळू कमी करा, आणि एक दिवस बंद. कोणाचाही आक्षेप राहणार नाही. नैसर्गिक."

आईला हे मुळीच आवडलं नाही. "जिवंतपणी त्यांनी काठीला हात लावला नाही. आता घ्यायला लावताय?"

हे खरं होतं. आजोबांना काठीचा भयंकर राग होता. पाय लटपटायला लागल्यावर ते बारा महिने छत्री घेऊन फिरू लागले. रखरखीत उन्हात टेकत टेकत जायचे, आणि कोणी विचारलं तर आभाळाकडे बघून म्हणायचे, "सांगता येत नाही." त्यांच्यामुळे आख्खी गल्ली काही वर्षं हवामानाबद्दल साशंक होती.

तरी मी काठी आणली. औषधाच्या दुकानात नंबर सांगितला, मधे खोकलो. दुकानदार म्हणाला, "बरं नाही का आजोबांना?" मी म्हटलं, "ते गेले हो." तो म्हणाला, "अरेरे," आणि पॉइंट जमा केले. घरी ती काठी मी दाराच्या कोपऱ्यात ठेवली. थोड्या वेळाने पाहतो तर तिथे नव्हती. बाबांनी उचलून पलंगाखाली सरकवली होती.

"पायात येते," ते म्हणाले.

आठवडाभर आजोबांची तब्येत आमच्या हाताखाली झपाट्याने ढासळत गेली. मलम झालं, शेकायची पिशवी झाली, न घसरणाऱ्या सपाता झाल्या. मग खरेदी बंद करायचा दिवस आला, आणि आमच्या लक्षात आलं की ते आम्हाला जमत नाही.

स्वतःचा नंबर कोणालाच येत नव्हता. आई किराणा दुकानात गेली. हातावर पेनाने स्वतःचा नंबर लिहून नेला होता. काउंटरवरच्या मुलीने "नंबर?" म्हणताच आईने हाताकडे पाहिलं आणि तोंडाने आजोबांचा सुरू केला. अर्ध्यावर भानावर येऊन थांबली. पण खोकला थांबला नाही. "आजोबांचाच ना?" असं म्हणून उरलेला अर्धा त्या मुलीनेच टाकून घेतला. आई घरी आली ती पदराने हात पुसतच. "मला नाही जमत, तुम्ही आणत जा सामान," म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. भांडी नेहमीपेक्षा जास्त वाजली.

ताईने तर कहर केला. तिच्या म्हणण्याप्रमाणे ती पूर्ण शुद्धीत होती आणि तिने स्वतःचाच नंबर दिला. पण ज्या वेळी तिने दोरीच्या उड्या मारायची दोरी घेतली, त्या वेळी दुकानात कोणीतरी खोकलं. ती ताईच असावी.

सरकारच्या बाजूने विचार करा. एक अतिवृद्ध गृहस्थ पळतात, पोहतात, दंड कमावतात. अचानक आजारी पडतात. काठी येते, मलम येतं. सगळं संपल्यासारखं वाटतं. आणि मग एके सकाळी ते उठतात, फिरून येतात आणि दोरीच्या उड्या मारायची दोरी विकत घेतात. कोणत्याही सरकारचा ऊर भरून आला असता.

आणि फोन आला. आजोबांच्या फोनवर. तो बाबांच्या खिशात होता. आम्ही सगळे चहा पीत होतो.

"हॅलो," बाबा म्हणाले. मग ऐकत राहिले. मग त्यांचा चेहरा असा झाला की आईने कप खाली ठेवला. पलीकडून विचारलेलं आम्हाला ऐकू आलं नाही, पण बाबांचं उत्तर आलं.

"हो. आहेत."

फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "कोणाचा होता?"

"सरकारी. आजोबा आहेत का म्हणून विचारत होते. पुरस्कार द्यायचाय म्हणे."

"आणि तुम्ही 'आहेत' काय म्हणालात?"

बाबा फोनकडे बघत राहिले. "निघून गेलं तोंडातून."

आता खरी पंचाईत झाली. महिनाअखेर जवळ आली होती. मीटर बंद झाला तर घर अंधारात. आजोबा वारल्याचं सिद्ध होत नव्हतं, म्हणून नाव बदलत नव्हतं. आणि दुसरीकडे ते वारल्याचं आम्हीच खिडकीवर सांगितलं होतं, म्हणून मीटर बंद होणार होता. मीटर चालू ठेवायला ते जिवंत आणि बंद करायला मेलेले, असे दोन्हीकडून आमच्यावरच उलटले होते. काका म्हणाले, "उत्तम झालं. समारंभाला जा. तिथे मोठे साहेब असतील. समोरासमोर सांगा, जागच्या जागी काम होईल."

आम्ही गेलो. सभागृहात पंखे होते आणि त्यांचा आवाजही होता, वारा नव्हता. पहिल्या रांगेत सत्कारमूर्ती होते. त्यांच्यामध्ये एक खुर्ची आजोबांच्या नावाची चिठ्ठी लावून मोकळी ठेवलेली होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि ते शेजारच्या खुर्चीवर बसले. समारंभाच्या आधी साहेबांना गाठायचं, असं ठरलं होतं. पण साहेब समारंभाची वेळ टळून गेल्यावर आले. समारंभ त्यांच्यासाठीच थांबला होता, तो ते येताच सुरू झाला.

आजोबांचा सत्कार सगळ्यात शेवटी होता. निवेदिका वाचू लागली. "वयाची पर्वा न करता जे रोज पहाटे फिरायला जातात... ज्यांना पोहण्याची आवड आहे..." माझ्या मागे काका किंचित ताठ झाले. "ज्यांनी काठीवर मात करून पुन्हा दोरीच्या उड्यांकडे वळण्याची जिद्द दाखवली..." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. कोणाच्याही आजोबांबद्दल असं ऐकलं तर माणूस वाजवणारच. "...आणि जे दर शनिवारी, न चुकता, आपली आवडती पेपरमिंटची पुडी घ्यायला विसरत नाहीत!"

मी ताईकडे पाहिलं. ताईने आईकडे. आईने माझ्याकडे.

पेपरमिंट आजोबांचं. खोकल्यासाठी म्हणून घ्यायचे. खोकला त्याने कधी थांबला नाही, पण त्यांच्या खिशात कायम कागदाची चुरचुर असायची, आणि आम्ही शाळेतून आलो की आधी त्या खिशाकडे जायचो. आजोबा गेल्यावर घरात पेपरमिंट आलंच नव्हतं. निदान आमच्यापर्यंत तरी.

आम्ही तिघांनी बाबांकडे पाहिलं. बाबा स्वतःच्या बुटांकडे बघत होते. मग आजोबांचं नाव पुकारलं गेलं आणि बाबा उठले.

साहेबांनी दोन्ही हातांनी बाबांचा हात धरला आणि माइकवर म्हणाले, "वाटत नाही हो वय!"

"मी मुलगा त्यांचा."

"अरे वा! ते स्वतः कुठायत?"

"ते गेले."

"कुठे गेले? इथे बोलावलं होतं ना आज?"

"वारले," बाबा म्हणाले.

"आत्ता?" साहेब दचकले आणि मोकळ्या खुर्चीकडे बघू लागले.

"दीड वर्ष झालं. आम्ही कार्यालयात सांगितलं, पण ऐकत नाहीत. मीटरचं तेवढं..."

 पंखे एकदम मोठ्याने ऐकू येऊ लागले. साहेबांनी माइकवर हात ठेवला, पण चुकीच्या बाजूने ठेवला. त्यामुळे सगळं ऐकू येत राहिलं. "काहीतरी घोळ आहे. नंबर चुकलाय. सांगा बरं त्यांचा नंबर."

बाबांनी सांगायला सुरुवात केली. अर्धा नंबर झाला आणि ते थांबले.

सभागृहात चार ठिकाणांहून खोकला आला. माझा, आईचा, ताईचा आणि मागच्या रांगेतून काकांचा. एकाच वेळी, एकाच सुरात.

बाबा स्वतः खोकले नाहीत. ते नुसते थांबले होते, हसऱ्या चेहऱ्याने. येणार हे माहीत असल्यासारखे. मग त्यांनी उरलेला अर्धा नंबर सांगितला.

साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. "हा नंबर तुम्ही सगळेच देता?"

"हो."

"का?"

आता पॉइंटचं कारण सांगावं, म्हणून मी उठतच होतो. पण बाबा आधी बोलले, आणि माइक तसाच चालू होता.

"दिवसातून कुठेतरी, कोणीतरी त्यांचा नंबर विचारतं," बाबा म्हणाले. "तेवढंच."

 साहेबांनी चषक बाबांच्या हातात दिला, कारण तो कोणाच्या तरी हातात द्यायला लागणारच होता. छायाचित्रकाराने फोटो काढला. नंतर तो पुसायला सांगितला गेला.

पुढे सगळं फार झटपट झालं. मोठ्या साहेबांनी हात घातला की कामं होतात हे काकांचं म्हणणं खरं ठरलं, आणि ते आता आम्हाला जन्मभर ऐकावं लागणार आहे. कार्यालयाने कळवलं की समारंभ झालेला नाही. मीटर बाबांच्या नावावर होईल. त्यासाठी आजोबांचा नंबर बंद करून द्यावा, म्हणजे कंपनी त्यांची माहिती पुसून टाकेल, आणि माहितीच्या पुढच्या खरेदीत सरकारकडे आजोबा येणार नाहीत. बाबांनी फक्त एक सही करायची आहे.

समारंभाहून घरी परतताना आम्ही चालतच आलो.  कोपऱ्यावर बाबांनी खिशात हात घातला. कागदाची चुरचुर झाली. त्यांनी आईला एक गोळी दिली, ताईला एक, मला एक. काका मागून येत होते. त्यांनी न मागता हात पुढे केला, त्यांनाही एक. गालात गोळी असली की बोलता येत नाही. ही सोय आजोबांनी मुद्दाम केली असावी, असं मला आता वाटतं.

सहीचा कागद दाराजवळच्या खिळ्याला टोचलेला आहे. आईने काल विचारलं, "करताय ना सही?"

"बघू," बाबा म्हणाले.

आईनेही पुढे काही विचारलं नाही. पण महिनाअखेर आली आहे आणि 'बघू'वर दिवे लागत नाहीत. म्हणून घरातली एकमेव रिकामी व्यक्ती या नात्याने मी पुढील अर्ज केला आहे.

मा. अधिकारी साहेब यांसी,

विषय : आजोबा आहेत तसे ठेवण्याबाबत.

महोदय, न झालेल्या समारंभाच्या संदर्भात नम्र विनंती करतो, की आमचे आजोबा वारले असून आमची त्याबद्दल काही तक्रार नाही. मात्र आपण त्यांना रीतसर पैसे देऊन विकत घेतलेले आहे. आपल्याकडे ते रोज पहाटे फिरतात, सिनेमाला जातात आणि काठीवर मात करतात. आमच्याकडे त्यांची एक छत्री आहे. तरी त्यांना आपल्या दप्तरी चालते-फिरते राहू द्यावे. त्यांच्या वाटचे पेपरमिंट दर शनिवारी नियमित घेतले जाईल, याची हमी आम्ही देतो. त्यांना पुसणे अगदीच अपरिहार्य असल्यास, कंपनीने ते ज्या भावात आपल्याला विकले त्याच भावात आम्हाला परत द्यावेत. घाऊक नको. एकच हवे आहेत. मीटर त्यांच्या नावावरच राहू द्यावा, त्यांच्या नावाने बिल कमी येते, असे विज्ञानाच्या निवृत्त शिक्षकांचे मत आहे. तसेच कंपनीच्या काउंटरवर आमचा नंबर विचारला गेल्यावर कंपनीचा नंबर आम्हाला सांगण्याची पद्धत सुरू करावी, ही आजोबांची जुनी मागणीही या निमित्ताने निकाली काढावी.

कळावे,

आपला विश्वासू,
नातू
(आपल्या दप्तरी माझी नोंद नाही. कृपया आजोबांकडे चौकशी करावी.)